शाल, श्रीफळ आणि कुलरचा पंप

पाचशे रुपयांचा प्रश्न नाही. असं म्हणणाऱ्या माणसाचा प्रश्न हमखास पाचशे रुपयांचाच असतो, हे मलाही कळतं, तरी सांगतो. माझ्या खिशातून गेलेल्या पाचशेची शाल माझ्या डोळ्यांदेखत अशा गृहस्थांच्या खांद्यावर पडली, ज्यांचा त्या सभागृहातल्या एकाही मुलाशी किंवा पालकाशी काडीचा संबंध नव्हता. वर निवेदिका मॅडमनी माईकवरून "पालकांनी जोरदार टाळ्या वाजवाव्यात" अशी विनंती केली. मी वाजवल्या. शालीचा राग आहेच, पण टाळ्यांचा जास्त आहे.

निमित्त होतं मुलीच्या उन्हाळी बालनाट्य शिबिराच्या समारोपाचं. विदर्भातल्या शाळा जून संपत आल्याशिवाय उघडत नाहीत, कारण आधी उघडल्या तर मुलं वर्गातच वाळतील. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. नागपूरकर हा आकडा पोराच्या बोर्डातल्या टक्क्यांसारखा सांगतात, पाव-अर्धा इकडे तिकडे झाला तर दुरुस्त करतात. तेव्हा एप्रिल-मे मुलं घरात, खिडक्यांना ओले पडदे, कुलरसमोरच्या जागेवरून भांडणं, आणि दुपारी तीन वाजता "आता मी काय करू?" हा प्रश्न. या प्रश्नावर नागपुरात अबॅकस, स्केटिंग, रोबोटिक्स, सुंदर हस्ताक्षर आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' अशी उत्तरं मिळतात. नाटक हे सगळ्यांत स्वस्त उत्तर आहे, म्हणून आम्ही ते निवडलं असं नाही. पण स्वस्त होतं.

शिबिर सुरू व्हायच्या आधी मुलीनेच मला 'थिएटर कॅम्प' नावाचा इंग्रजी सिनेमा दाखवला. २०२३ चा आहे, मॉली गॉर्डन आणि निक लिबरमन यांनी दिग्दर्शित केलेला. न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात मुलांचं उन्हाळी नाट्यशिबिर चालतं. ते चालवणाऱ्या जोनबाई एका शाळेच्या प्रयोगाला जाऊन बसतात आणि तिथल्या लकलकत्या दिव्यांनी त्यांना झटका येऊन त्या कोमात जातात. मग त्यांचा मुलगा शिबिर ताब्यात घेतो. हा धंद्याचे सल्ले देणारे व्हिडिओ करणारा, नाटकाची ओ की ठो माहिती नसलेला. शिबिर कर्जात, शेजारचं श्रीमंत शिबिर गिळायला टपलेलं, आणि शिक्षक मात्र अंथरुणाला खिळलेल्या जोनबाईंवरच संगीत नाटक बसवण्यात गर्क. सगळं माहितीपट असल्याच्या आविर्भावात चित्रित केलंय, त्यामुळे वेडेपणा खरा वाटतो. अर्धे विनोद मला कळले नाहीत आणि जे कळले त्यांवर मुलगी हसली नाही. पण एका जागी दोघंही हसलो. रडण्याच्या प्रवेशासाठी एक पोर डोळ्यांखाली कसलीशी झोंबणारी कांडी फिरवताना पकडलं जातं, आणि शिक्षक त्याला असं झापतात, जणू ऑलिंपिकमध्ये उत्तेजक घेताना सापडलाय.

आमच्या शिबिरात तो प्रश्न उद्भवला नाही. लू लागू नये म्हणून प्रत्येक आईने आपल्या पोराच्या खिशात कांदा घातलेला होता. सर नुसते म्हणायचे, "चला, रडा."

सिनेमातल्या शिबिराला तळं आहे, झाडीतल्या लाकडी खोल्या आहेत. आमच्याला एका शाळेचा हॉल होता आणि त्यात दोन कुलर. ते एवढे घरघरायचे की आवाज फेकायला मुलांना वेगळं शिकवावं लागलं नाही. सर म्हणजे राज्य नाट्यस्पर्धेत आयुष्य घातलेला माणूस. सरकारी नोकरी केली ती नाटकाला पगार हवा म्हणून. आता निवृत्त आहेत, स्कूटरवर फिरतात. डिकीत मुकुट, पायाशी तलवारी, मागच्या सीटला बांधलेलं एक कायमचं सिंहासन. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, भूमिका राहतात. पालकांचंही तसंच. त्यामुळे गेला महिनाभर मी 'विहिरीचे बाबा' आहे.

तर विहीर. नाटक पर्यावरणाचं होतं. बालनाट्य म्हटलं की हल्ली पर्यावरणच असतं, राक्षस परवडत नाहीत. मूळ संहिता सात-आठ पात्रांची. पण फी भरलेल्या प्रत्येक पालकाचं म्हणणं एकच, माझ्या मुलाला एक तरी वाक्य. त्यामुळे सरांनी गाव वाढवत नेलं. वड, पिंपळ, कावळा, पारंबी, दुसरी पारंबी, पाऊलवाट, दगड. आमच्या वाट्याला विहीर आली. पुठ्ठ्याचं कडं, वर तपकिरी चार्टपेपर, त्यावर स्केचपेनने एकेक चिरा काढलेला. कडं खांद्यावर दोन नाड्यांनी अडकवायचं आणि मधे उभं राहायचं. नाड्या काचतात म्हणून हिने त्यांना जुन्या दुपट्ट्याच्या पट्ट्या शिवल्या. मुलीने रात्री बसून विहिरीच्या आतल्या बाजूला एक बेडूक काढला. आत, जिथे कुणालाच दिसणार नाही तिथे. मी म्हटलं, बाहेरून काढ. ती म्हणाली, "बेडूक बाहेर असतो का?"

विहिरीचं वाक्य होतं, "मी कोरडी पडले."

प्रयोग रविवारी साडेपाचला. सभागृहाचं नाव घेत नाही, पुढच्या वर्षी सरांना तिथेच तारीख मागायची आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत कडक नऊ दिवस, लागलेला. स्कूटर लावून दारापर्यंत येईतो शर्ट पाठीला चिकटला होता, आणि आतल्या एसीची हवा लागली तेव्हा दोन मिनिटं मला कोणाचाच राग नव्हता. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची पकडली, मोबाइल काढला, आणि शेजारून आवाज आला.

"काऊन जी, तुमचं कोणतं आहे?"

पांढरा सफारी, पांढरे शुभ्र मागे वळवलेले केस, कपाळावर बारीक गंध, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर पाण्याची बाटली. गांधीसागरकाठी उभं केलं असतं तर लोकांनी हार घातला असता, असा चेहरा.

"कोणतं म्हणजे?"

"पोट्टं जी. आतमंधी."

"मुलगी आहे. विहीर झाली आहे."

"विहीर." त्यांनी यावर थोडा विचार केला. "बोलणारी का गुपचूप?"

"बोलणारी. एक वाक्य आहे."

"मंग बरं आहे. मागच्या साली एका शिबिरात डोंगर होता. पाऊण घंटा नुसता उभा. मंग मधातच म्हणे, सर, एक नंबरले जायचं आहे. डोंगर उठला अन् गेला. नदी तिथंच राहिली."

मी हसलो. हसायला नको होतं, हसल्याने माणसं सुटतात. पण विचारलंही, "तुमचं कोण आहे आत?"

"माझं कोणीच नाही जी."

मी चेहरा गंभीर केला. उन्हाळ्यात अशी वाक्यं अंगावर येतात. म्हटलं, मुलगा परदेशी असेल, नातवंडांचं तोंड पाहायला मिळत नसेल, म्हणून परक्यांच्या मुलांत मन रमवतात. एवढं सगळं मी मनात रचून होतंय तोवर ते म्हणाले, "माझ्या कुलरचा पंप जळला."

पुढची वीस मिनिटं मला त्या पंपाची सांगोपांग माहिती मिळाली. पंप कधी बसवला, टाकीत पाणी कमी असताना कोणी चालू केला (सूनबाई), मेकॅनिक काय म्हणतो. "उद्या येतो, उद्या येतो करून राहिला. त्याले मी म्हटलं, बापा, तुझा उद्या नवतपा संपल्यावर येते का? तर म्हणे काका, सीझन आहे." खस नवी घातली होती, तीही वाया. वरच्या मजल्यावर घर, पश्चिमेची भिंत, रात्री बारालाही हात लावला तर चटका. तेव्हा त्यांनी उपाय काढला. सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी 'आज शहरात' वाचायचं. "नागपुरात कार्यक्रमाची कमी नाही जी. माणसाची कमी आहे."

आणि मग त्यांनी मला नागपूरच्या सांस्कृतिक जीवनाचं जे वर्गीकरण ऐकवलं, तसं कुठल्याही विद्यापीठात शिकवत नसतील. पुस्तक प्रकाशन: चहा भेटते, पण माणसं मोजकी, झोपलं की दिसते. कवी संमेलन: लांबते, ते चांगलं, पण शेजारचा माणूस स्वतःच कवी असते, तो मधात आपली ऐकवते. शास्त्रीय गाणं: "अव्वल. तीन घंटे. डोळे मिटले तरी लोक म्हणतात, काय तल्लीन झाला माणूस." श्रद्धांजली सभा: एसी असला तरी जात नाहीत. "ते बरं नाही दिसत जी." रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह झोपेसाठी, एवढं मोठं आहे की कोणी उठवायला येत नाही. देशपांडे सभागृहात मात्र झोपायचं नाही. "तिथं मोठं नाटक लागते. ते पाहायचं."

"आणि बालनाट्य?"

"पोट्टे कल्ला करतात. पण नाश्ता पक्का." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे टेबलावर खोकी रचलेली होती. "आज आलुबोंडा आहे. वास आला मले."

त्यावेळी विंगेतून सर आले. कपाळावर घाम, हातात प्रमुख पाहुण्यांचं नाव लिहिलेली पाटी. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "विहिरीचे बाबा, पाचशे आहेत का? शाल घरी राहिली. पोरगा बर्डीवर पाठवतो. पाहुणे निघालेच आहेत."

मी दिले. तिथे प्रत्येक जण फोनवरून यूपीआय करणारा होता आणि मी एकटाच पाकिटात नोट बाळगणारा, ही शिक्षा.

पाहुणे निघालेच होते ते सव्वासहापर्यंत निघालेलेच राहिले. यावर मला तावातावाने बोलायचं आहे. प्रमुख पाहुणे ही चीज बालनाट्याला कशाला लागते? मुलं चारपासून रंग लावून बसली होती. मी आत डोकावलो तेव्हा कावळ्याची चोच एका बाजूने सुटली होती आणि तो ती हाताने धरून पाणी पीत होता. पिंपळाची हिरव्या कागदाची पानं घामाने भिजून त्याच्या बनियनवर हिरवा रंग उतरला होता. दगडाची भूमिका केलेला मुलगा खरोखरच दगडासारखा झोपला होता. आणि बाहेर तमाम मोठी माणसं कोणाची वाट पाहत होती? ज्यांना नाटकाचं नावही माहीत नव्हतं, त्यांची. पाहुणे आल्याशिवाय दीपप्रज्वलन नाही, दीपप्रज्वलनाशिवाय नाटक नाही, आणि पाहुण्यांना मे महिन्यात संध्याकाळी सहा लग्नं. अखेर साडेसहाला फोन आला की ते येऊ शकत नाहीत, पण त्यांच्या शुभेच्छा आहेत.

इकडे बर्डीवरून शाल आली होती. श्रीफळही. आता आणलेली शाल घरी नेता येत नाही, असा काहीतरी नियम असावा. निवेदिका मॅडम मंचावरून पहिल्या तीन रांगा न्याहाळू लागल्या. मी किंचित ताठ बसलो. खोटं कशाला बोलू, बसलो. शाल माझीच होती, एका अर्थी.

त्यांची नजर माझ्यावरून घसरून शेजारी थांबली. खाली येऊन त्या अदबीने म्हणाल्या, "सर, आपण नाट्यक्षेत्रातले का?"

"क्षेत्रातला म्हणजे..." काकांनी बाटलीचं झाकण लावलं. "सगळीकडे असतो जी मी. देशपांडेत पाहा, भट सभागृहात पाहा. उन्हाळ्यात तर एक नाटक सोडत नाही."

"किती वर्षांपासून?"

"रिटायर झालो तवापासून."

थिएटर कॅम्पमध्ये एक बाई अर्जात वाट्टेल ते अनुभव ठोकून शिक्षिकेची नोकरी मिळवते आणि मग स्वतःला न येणारे विषय मुलांना शिकवत बसते. सिनेमात ते अतिशयोक्त वाटलं होतं. आमच्या काकांनी तर एक अक्षर खोटं सांगितलं नाही. दोन मिनिटांत माईकवरून घोषणा झाली: "गेली अनेक वर्षं नागपूरच्या प्रत्येक रंगमंचाशी ज्यांचं अतूट नातं आहे, बालरंगभूमीवर ज्यांचं निरतिशय प्रेम आहे..." मी वाक्यामागून वाक्य तपासत होतो. एकही खोडून काढता येत नव्हतं.

काका उठले, सफारी खाली ओढला, आणि असे चालत गेले की त्यांना रोज बोलावतात. समई पेटवली. शाल घेतली. श्रीफळ कानाशी नेऊन हलवून पाहिलं. मग दोन शब्द.

"पोट्टेहो," काका म्हणाले, "मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा. आमच्याकडे मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक लागते ते रात्री दहाले, संपते कोंबडा आरवल्यावर. लोक तिकीट काढून येतात, बैलगाडीनं येतात, लहान लेकरं घेऊन येतात. तिथं शेवटच्या माणसाले ऐकू नाही आलं तर तो ओरडते. म्हणून जोरानं बोला. मागं म्हातारे बसते. अन् कार्यक्रम संपला की एसी लगेच बंद नका करू." आणि येऊन बसले.

मी आजवर ऐकलेलं हे सर्वांत लहान आणि सर्वांत बरं भाषण. त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. माणूस नुसता फुकट्या असता तर मला सोपं गेलं असतं.

पूर्व विदर्भातल्या त्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तिथलं ते म्हणाले ते खरंच आहे. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. रात्रभराचे प्रयोग, तिकिटाचे, आणि मंडप भरलेला. अनुदानाच्या फायली तिथे नंतर पोचल्या, प्रेक्षक आधीपासून होते. आणि नागपुरात? २०१९ च्या फेब्रुवारीत इथे नाट्यसंमेलन झालं, ९९वं, तेव्हा रेशीमबागेत गर्दी मावत नव्हती, म्हणजे माणसं आहेत. नाटककार दारव्हेकर मास्तर याच गावात वाढवलेल्या 'रंजन कला मंदिरा'तून पुढे गेले, १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं. मुलांच्या नाटकाची गोष्ट घ्यायची तर सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' काढलं आणि मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं, तेव्हा मोठ्या नटांनी मुलांसाठी नाटक करायचं आणि मुलांनी ते बघायला यायचं, अशी सरळ पद्धत होती. राक्षस होता, चेटकीण होती, मुलं किंचाळायची. आता मुलं मंचावर आणि आईबाप खाली. मुलांचं नाटक बघायला एकही मूल येत नाही. आईबापही नाटक बघत नाहीत, आपापलं पोर बघतात.

हे मी चिडून लिहितो आहे, कारण पुढे जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं. नाटक सुरू झालं. पहिल्या प्रवेशात कावळ्याचं काम होतं. कावळ्याच्या आईने ते टिपलं, कावळ्याचे आजी-आजोबा उठले, मागच्या दाराने खोकी घेतली आणि गेले. पाऊलवाट बोलून झाली, पाऊलवाटेचं घराणं गेलं. प्रत्येक वाक्याला एक रांग कमी. सर विंगेत उभे राहून खाली बघत होते, मंचाकडे नाही. त्यांचे ओठ मुलांच्या वाक्यांबरोबर हलत होते, पण नजर रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांवर.

मग विहीर आली. मी मोबाइल वर केला. नेमका त्याच वेळी पुढच्या रांगेतल्या वडाच्या आईने टॅब वर केला. टॅब! पाटाएवढा! त्यावर मला वडाचा बुंधा मोठा करून दिसत होता. मी डावीकडे सरकलो, टॅब डावीकडे. उजवीकडे, तर काकांचा शालीचा खांदा. तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "मी कोरडी पडले!" कुलरांच्या घरघरीवर तयार झालेला आवाज तो, शेवटच्या रांगेच्याही पलीकडे गेला असेल.

एक क्षण काही नाही. आणि मग शेजारून, पोटातून, झाडीपट्टीच्या मंडपातून यावा तसा:

"वन्स मोअर!"

मुलगी थांबली. तिने विंगेत सरांकडे पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं ते रडणार, आणि त्यांच्या खिशात कांदा नव्हता. प्रमुख पाहुण्यांची आज्ञा, मोडायची कशी? सरांनी मान हलवली. मुलगी पुढे आली, दिव्याच्या झोतात, प्रेक्षकांकडे बघून झुकली, गाणाऱ्या बायका झुकतात तशी. कडं पुढे कललं. आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, "मी कोरडी पडले!"

"अरे, बेडूक आहे आतमंधी!" काका टाळ्या पिटत म्हणाले. "बेंबट्या बेडूक! कोरडी काहाची पडली, बेडूक जिवंत आहे ना!"

उरलेलं सभागृह हसलं. पिंपळ हसला. विहिरीला इतका आनंद झाला की तिने बेडूक दिसेल असं कडं धरलं आणि जागेवर गेलीच नाही. पुढच्या प्रवेशात राजाला तिला वळसा घालून जावं लागलं.

माझ्या मोबाइलमध्ये यातलं काय आहे, सांगतो. वडाच्या आईचा टॅब, त्यात वड. मग छत. मग 'स्टोरेज भरले आहे'. आणि आवाजात, अगदी स्पष्ट, "बेंबट्या बेडूक". तो बेडूक कुणालाही दिसण्यासाठी काढलेला नव्हता, मी त्याच्यावरून रात्री मुलीशी वाद घातला होता, आणि तो पहिल्यांदा पाहिला कुलरचा पंप जळलेल्या माणसाने. या माणसावर मी चिडू नको तर काय करू? ही म्हणते, त्यांनी पाहिलं म्हणून सगळ्यांना दिसलं. मला हे मान्य नाही, टॅब नसता तर मलाही दिसलं असतं.

पडदा पडला तेव्हा खाली पंधरा-वीस माणसं असतील. खोकी संपली होती. म्हणजे शेवटपर्यंत बसलेल्यांना आलुबोंडा मिळाला नाही, आणि ज्यांनी नाटक अर्ध्यात सोडलं त्यांना मिळाला. ही व्यवस्था कोणी लावली मला माहीत नाही, पण शहराबद्दल ती बरंच सांगते. काकांकडे मात्र दोन होती. एक त्यांनी विहिरीला दिलं. "खा, माय. घसा कोरडा पडला असंन." माझा नंबरही घेतला. मी दिला, कारण आलुबोंडा खाणाऱ्या मुलीसमोर नाही कसं म्हणायचं.

दोन दिवसांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सरांनी हिशेब टाकला. स्वच्छ अक्षरात वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो. सभागृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, रंगभूषा, कपडेपट, नाश्ता. जमा बाजू तीन ओळींची. खाली 'तूट', आणि तुटीपुढे कंसात 'मी पाहतो'. सिनेमातल्या त्या शिबिराला निदान गिळायला टपलेलं कोणी होतं. आमचं शिबिर कोणी फुकटही गिळणार नाही. मी खर्चाची बाजू वाचत गेलो आणि सापडलं: 'शाल व श्रीफळ, सौजन्य: विहिरीचे बाबा.'

सौजन्य! म्हणजे विषयच संपला. सौजन्य परत मागता येत नाही. गटावर अंगठे आले, हात जोडलेले आले, 'खूप छान उपक्रम सर' आलं. मग दुसऱ्या पारंबीच्या आईने लिहिलं की प्रमाणपत्रावर आडनावाची वेलांटी चुकली आहे, दुरुस्त करून घरपोच द्यावं. तुटीबद्दल कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. माझं सौजन्य झालं होतं.

काल दुपारी फोन आला. "विहिरीचे बाबा का? मी बोलून राहिलो. पंप बसला जी."

"वा. अभिनंदन."

"पण आता सवय लागली ना. घरी करमत नाही." मग खाकरून, "शाल मस्त निघाली हो. कुलरच्या टाकीवर झाकली. डास होत नाहीत." मी काही बोलायच्या आत ते मुद्द्यावर आले. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात भूजलावर परिषद आहे, दोन दिवस, मोठमोठे इंजिनियर येणार आहेत, जेवणासकट. पास लागतो, पण ती अडचण नाही.

"पोरीले घेऊन या जी," काका म्हणाले, "तिच्या त्या कड्यासकट. विहिरीले तिथं कोण अडवते?"